रेटिंग म्हणजे जात नव्हे

मी गोदीत माल उचलतो. सुट्टीत गावी आलो की नांदेड-लातूरच्या बुद्धिबळ स्पर्धांत बसतो. तिथं आपली पोरं समोर मोठा रेटिंगवाला आला की पहिल्या चालीआधीच मान टाकतात. का? जात जन्मानं चिकटते. रेटिंग खेळून मिळतं अन् हरलं की घसरतं! ४०० गुणांनी वर असलेल्यापुढं हिशेब आपल्याला १०० डावांत ८ गुण देतो. पण तोच डाव मारला तर नव्या खेळाडूचे एका झटक्यात ३६-३७ चढतात.

२०२५ साली बातुमीत नागपूरची दिव्या देशमुख १५वी मानांकित होती. झू जिनेर, हरिका, तान झोंगयी, शेवटी हम्पी. चौघींचं रेटिंग तिच्याहून वरचं. चौघींना हरवून तिनं विश्वचषक आणला. (घर डॉक्टरांचं, लहानपणापासून तालीम, हेही बोललं पाहिजे.)

आपल्या पोराला तालीम कुठली? प्रवेश फी अन् एसटीचं भाडं यातच मजुरी जाते. समोरचा आधी आडनाव विचारतो, मग हात मिळवतो. म्हणून म्हणतो, यंदा जयंतीला डीजे एक रात्र कमी वाजवा. त्या वर्गणीतून वस्तीत चार पट, दोन घड्याळं घ्या, अन् पोरांची फी भरा.