धुळे ते जळगाव, विमानाने

धुळ्याहून जळगावला विमानाने किती वेळ लागेल, असं मोबाइलला विचारून बघा. उत्तर लगेच हजर: सरळ रेषेत साधारण ८३ किलोमीटर, वेळ अर्धा-पाऊण तास. असं विमानच नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. रेष ओढायची, जेटच्या वेगाने भागायचं, चढण्या-उतरण्याची मिनिटं मिळवायची, झालं गणित.

पारोळा, एरंडोल, पाळधी करत हायवेने गेलात तर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर पडतात. म्हणजे उडून वाचणार ते दहा-बारा. आपला हायवे इतका सरळ, की पाखरालाही शॉर्टकट सापडायचा नाही! रेल्वेचं उलटं. धुळ्याची १९०० सालची लाइन चाळीसगावला संपते; तिथे गाडी बदलून जळगाव गाठायचं म्हणजे दीडशेच्या आसपास. पण सरळ रस्ता म्हणजे लवकर पोचणं नव्हे. फागणे ते तरसोद चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, तेव्हा बांभोरीला गिरणेच्या पुलावर ट्रकांच्या मागे उभ्या राहिलेल्या एसटीत ज्यांनी तास काढलेत, त्यांना किलोमीटर सांगायला जाऊ नये.

जळगावचं विमानतळ अजिंठा रोडला, कुसुंब्याजवळ. २०१२च्या मार्चमध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं; माहेरचंच काम ते. मुंबईचं नियमित विमान मात्र उजाडलं थेट डिसेंबर २०१७मध्ये, उडान योजनेतून, एअर डेक्कनचं, जेमतेम अठरा-एकोणीस जणांचं. ते बंद पडलं. २०१९मध्ये ट्रूजेट आलं, तेही गेलं. २०२४मध्ये फ्लाय९१ने गोवा, हैदराबाद, पुणे जोडलं, अलायन्स एअरने मुंबई. ही पंख्याची एटीआर विमानं. खिडकीत बसलात तर चाक पोटात जाताना दिसतं आणि केळीच्या बागा बराच वेळ सोबत राहतात.

आता धुळेकराचा हिशेब मांडा. मुंबई नैर्ऋत्येला, पण विमान पकडायला आधी पूर्वेला दोन-अडीच तास. तासभर आधी पोचायचं. मग विमान जळगावहून उडणार आणि नकाशावर रेष ओढली तर पुन्हा चाळीसगावच्या डोक्यावरून जाणार. तेवढ्या वेळात हाच गृहस्थ आग्रा रोडने नाशिक ओलांडून गेला असता. म्हणून धुळेकर जळगावचं विमान धरतो ते हैदराबादसाठी, गोव्यासाठी. मुंबईला जाताना तो त्याचं नावही काढत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

गंमत अशी, की आकाशात वर्दळ आहे ती धुळ्याकडेच. गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची पोरं शिकतात, तिकडे शिरपूरला तांड्याच्या धावपट्टीवर वेगळी अकादमी. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी एकट्याने किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरची फेरी मारावी लागते. त्या लहान विमानाला जळगाव अर्ध्या तासाचं. वैमानिक घडतात धुळे जिल्ह्यात, तिकीट काढायचं जळगावात.

गोंदूरला प्रवासी विमान द्या, या मागणीचं निवेदन धुळ्यात दर निवडणुकीला निघतं. निघू द्या. त्यात खाली एक ओळ वाढवा: विमानाच्या वेळा बघून सुटणारी, जळगाव स्टँडला वळसा न घालता थेट कुसुंब्याला नेणारी एक एसटी. तिला धावपट्टी लागत नाही.