संशोधन बांधीत उतरू द्या!

नागऱ्याच्या तरुणांनो, गावच्या प्राचीन शिवमंदिराला हात जोडून तुम्ही रोज गोंदियाच्या कॉलेजला निघता. वाटेत धानाच्या बांध्या लागतात, राईस मिल लागतात. वर्गात मात्र यांतलं काहीच भेटत नाही. तिथे गाईड असतं, पाठ केलेली उत्तरं असतात आणि मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेलं प्रॅक्टिकल असतं. अशा पदवीवर समाधान मानायचे दिवस आता संपवा!

आपल्याच झाडीपट्टीतला माणूस आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले. 1983 मध्ये 'पटेल 3' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. दुसऱ्या कुणी त्या मळणीत टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपल्या, पुढच्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्या चिकाटीतून बारीक दाण्याचं 'एचएमटी' वाण उभं राहिलं. निरीक्षण, निवड, पडताळा. संशोधन म्हणतात ते हेच! प्रयोगशाळेविना हे घडलं, तर प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मार्गदर्शक हाताशी असताना आपण हातावर हात धरून का बसायचं?

प्रश्नांना इथे काय तोटा आहे? तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. तिचा विटांत, सिमेंटात वापर कसा करायचा? कोंड्यातलं तेल खवट होण्याआधी कसं वाचवायचं? रोवणी लांबली की गादमाशी या किडीचं प्रमाण वाढतं का? माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावांत बेशरम वनस्पती कुठवर पसरली, मासे कोणते उरले, हे मासेमार ढीवर बांधवांकडून कोण नोंदवून घेणार? सारस महाराष्ट्रात मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे. त्याच्या घरट्याभोवतीच्या धानावर काय फवारलं जातं, याची नोंद बी.एस्सी.च्या मुलांना जमणार नाही का?

असा एक प्रश्न वर्षभर हाती धरला की शिकणंच बदलतं. राखेचा नमुना तपासताना रसायनशास्त्र अंगी मुरतं, कीड मोजताना संख्याशास्त्र कळतं. विद्यार्थी उलट प्रश्न विचारतो, म्हणून प्राध्यापकालाही नवं वाचावं लागतं. दर्जा वाढतो तो इथे. नॅक मूल्यांकनाच्या फायली जाड केल्याने तो वाढत नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने पदवीचं चौथं वर्ष संशोधनासाठी खुलं केलं आहे. पण इंटरनेटवरून उचललेला प्रकल्प बाइंडिंग करून दिला, तर त्या वर्षाचीही माती होईल.

प्राध्यापकहो, वर्ग बांधावर न्या. मिलमालकांनो, नमुन्यांसाठी दारं उघडा. शेतकरी मायबापहो, लेकराला बांधीचा एक कोपरा प्रयोगासाठी द्या. विद्यापीठाने या कामाला निधी द्यावा आणि फसलेल्या प्रयोगाच्या प्रामाणिक नोंदीलाही गुण द्यावेत.

येत्या रोवणीआधी प्रत्येक वर्गाने गावाचा एक प्रश्न निवडावा आणि मिळालेलं उत्तर ग्रामसभेत, आपल्या मराठीत मांडावं. तरुणांनो, उठा! पहिला प्रश्न नागऱ्यातूनच विचारला जाऊ द्या!