उपशय की स्वाभाविक उतार?

एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, पायांत मुंग्या व बधिरता येणे, चालताना तोल जाणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या विशी-तिशीतील रुग्णास आपण बहुधा वातव्याधीच्या सदरात घालतो. ते वर्गीकरण आम्हांस अमान्य नाही. मात्र तेवढ्यावरच थांबल्यास मल्टिपल स्क्लेरोसिस हा व्याधी नजरेतून निसटतो आणि औषधाच्या यशाविषयीही आपली फसगत होते.

प्रथम संप्राप्ती पाहू. मेंदू व मेरुरज्जूतील मज्जातंतूंवर मायलिनचे स्निग्ध वेष्टन असते. त्यामुळे संवेदना व आज्ञा वेगाने वाहतात. या व्याधीत शरीराच्याच प्रतिकारक पेशी रक्त व मेंदू यांमधील संरक्षक अडसर ओलांडून त्या वेष्टनावर चाल करतात. तेथे शोथ होतो, वेष्टन झडते, वहन मंदावते वा खंडित होते. पॅरिस येथे शार्को यांनी १८६८ साली वर्णिलेले कठीण चट्टे हे याच प्रक्रियेचे अवशेष होत.

शोथ ओसरला की वेष्टनाची अंशतः पुनर्रचना होते आणि बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत लक्षणे उतरतात, मग औषध दिलेले असो वा नसो. नेमका याच काळात बस्ती किंवा एखादा कल्प चालू असेल, तर श्रेय त्यास मिळते. दरम्यान काही तंतू कायमचे तुटलेले असतात. लक्षणांवाचूनही एमआरआयमध्ये नवे चट्टे उमटत राहतात. म्हणून एका वेगाच्या शमनास उपशय मानू नये. वेगांची संख्या, चालण्याची क्षमता आणि एमआरआय यांची काही वर्षांची नोंद हाच खरा निकष होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्यवहारात काही पथ्ये पाळावीत. शंका येताच रुग्णास मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. वेळीच सुरू केलेल्या आधुनिक चिकित्सेने वेग कमी होतात. ती औषधे आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नयेत. त्यांपैकी काही एकाएकी थांबवल्यास व्याधी अधिक जोराने उसळतो. सर्वांग स्वेदन जपून योजावे, कारण शरीराची उष्णता वाढली की वेष्टन गमावलेल्या तंतूंतील वहन आणखी अडते. औषधालयचालकांनीही या रुग्णांस 'प्रतिकारशक्तिवर्धक' कल्प सहज हाती देऊ नयेत. येथे प्रतिकारशक्ती दुबळी नसून तिची दिशा चुकलेली आहे.

स्नायूंचा ताठरपणा, मलावष्टंभ, थकवा यांत साहाय्यक चिकित्सेला वाव आहे. ते कार्य प्रामाणिक नोंदींसह झाले, तरच आपला शब्द इतर वैद्यकशाखांत ग्राह्य धरला जाईल.