खोलीत मावतील तेवढ्यांचीच लोकशाही?

तालुका आणि जिल्हा पंचायतीच्या निवडणुकांचा विषय निघाला की सीमाभागात पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपला उमेदवार कोण, आणि तो ठरवणार कोण? कर्नाटकातल्या या पंचायतींची मुदत 2021 साली संपली आणि तेव्हापासून निवडणुकीची तारीख पुढे पुढेच ढकलली गेली. पण इच्छुक काही थांबलेले नाहीत. परवा गावाकडून आतेभावाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "आमच्याकडं देवळात बैठक झाली म्हणजे ठरलं. तुमच्या अमेरिकेत कसं ठरवतात रे?"

त्याला सांगितलं, अरे, आमच्याकडंही देवळातच ठरायचं. फक्त देवळाच्या जागी शाळा होती, आणि एका रात्री ती शाळा माणसांना पुरली नाही.

मी बेळगाव तालुक्यातला. गेली वीसेक वर्षं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो. नागरिकत्व मिळाल्यावर 2016 साली पहिल्यांदा 'कॉकस'ला गेलो. कॉकस म्हणजे काय, तर पक्षाने बोलावलेली वॉर्डाची बैठक. अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा यावर त्या वस्तीतल्या लोकांनी एकत्र जमून कौल द्यायचा, पुढच्या अधिवेशनासाठी आपले प्रतिनिधी म्हणजे डेलिगेट निवडायचे आणि ठराव मांडायचे. ही सरकारी निवडणूक नव्हे. इथं ना निवडणूक आयोग, ना मतदान यंत्र. सगळा कारभार कार्यकर्त्यांच्या हातात.

सातची बैठक, सहाची रांग

1 मार्च 2016, मंगळवार. बैठक संध्याकाळी सातला. मी साडेसहाला पोचलो तर शाळेचं पार्किंग भरून गाड्या मुख्य रस्त्यापर्यंत गेलेल्या. बर्फाच्या कडेनं चालत दारापाशी आलो, तर रांग इमारतीला वळसा घालून मागं गेलेली. आत प्रत्येक वर्गाच्या दारावर एका प्रिसिंक्टचा, म्हणजे छोट्या वॉर्डाचा, नंबर चिकटवलेला. आपला नंबर कुठला हे निम्म्यांना माहीत नाही. तीस मुलांच्या वर्गात दीडशे माणसं. लहान मुलांच्या बाकड्यांवर सत्तरीतल्या आजीबाई बसलेल्या, बाकीचे भिंतीला टेकून उभे.

आठच्या आधीच छापील मतपत्रिका संपल्या. मग एकीनं पर्समधली वही काढली, कुणी शाळेचे कोरे कागद आणले. त्यांचे तुकडे करून लोकांनी नावं लिहिली आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली. ओळखपत्र कुणी विचारलं नाही. वहीत नाव-पत्ता लिहा, इथं राहतो म्हणून सही करा, झालं. माझ्या पुढं उभा असलेला सोमाली टॅक्सीवाला हसून म्हणाला, "आमच्या गावात असं झालं असतं तर तुम्ही निरीक्षक पाठवले असते!"

मजा वाटली, खोटं कशाला बोलू? दहा वर्षं ज्या शेजाऱ्याला नुसता हात हलवत होतो, तो काय विचार करतो हे त्या रात्री कळलं. पण त्याच वेळी एक गोष्ट मनाला लागली. माझी बायको नर्स आहे. त्या दिवशी तिची संध्याकाळची ड्यूटी होती. तिला मत देता आलं नाही. टपालानं नाही, आधी नाही, नंतर नाही. सात ते आठ, या एका तासात खोलीत असाल तरच तुमचं मत. घरी आल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे ज्यांना रजा मिळते त्यांचाच पक्ष काय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

गर्दीनं जिंकलं, गर्दीनंच मोडलं

त्या रात्री मिनेसोटात डेमोक्रॅटिक पक्षाच्या (इथं त्याला डीएफएल म्हणतात) बैठकांना दोन लाखांवर माणसं आली. बर्नी सँडर्स यांनी हिलरी क्लिंटन यांना 60 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन हरवलं. रिपब्लिकनांच्या बैठकांत मार्को रुबिओ जिंकले. लोकशाहीचा उत्सव म्हणावा असं दृश्य होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून तक्रारींचा पाऊस पडला : रांगेतून माघारी फिरलेले, पार्किंग न मिळालेले, मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून न आलेले. मे महिन्यात विधिमंडळानं कायदाच केला. 2020 पासून अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी सरकारी यंत्रणेमार्फत दिवसभराचं मतदान, म्हणजे 'प्रायमरी', सुरू झालं. कोलोरॅडोच्या मतदारांनीही त्याच वर्षी नोव्हेंबरात सार्वमतानं प्रायमरीच्या बाजूनं कौल दिला.

फरक किती पडला बघा. 2016 च्या बैठकांना डेमोक्रॅटिक बाजूचे दोन लाखांवर लोक आले होते. 2020 च्या प्रायमरीत त्याच पक्षाच्या बाजूनं सुमारे 7 लाख 44 हजार मतं पडली. म्हणजे शाळा भरून वाहत होती तेव्हाही दोन तृतीयांशांहून जास्त माणसं बाहेरच होती. आपल्याला गर्दी दिसते, बाहेर राहिलेले दिसत नाहीत. मला या सगळ्या प्रकारातला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

कॉकसची पंढरी म्हणजे शेजारचं आयोवा राज्य. तिथं तर लोक उमेदवारानुसार खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहायचे. बहुतेक ठिकाणी ज्याच्या कोपऱ्यात 15 टक्के माणसं नाहीत तो बाद, त्याच्या माणसांनी दुसरा कोपरा धरायचा. 2020 साली निकाल कळवायचं नवं ॲप बिघडलं आणि त्या रात्री निकालच लागला नाही. रिपब्लिकनांचंही 2012 साली असंच. रात्री मिट रॉम्नी 8 मतांनी पुढं म्हणून जाहीर झालं आणि दोन आठवड्यांनी रिक सँटोरम 34 मतांनी पुढं असल्याचं कळलं. तोवर प्रचार पुढच्या राज्यांत गेला होता. 2024 मध्ये आयोवाच्या डेमोक्रॅट्सनी अध्यक्षपदाचा कौल टपालानं घ्यायला सुरुवात केली.

मिनियापोलिसचा ताजा धडा

मिनेसोटात अध्यक्षपदाचा कौल प्रायमरीकडं गेला तरी कॉकस बंद झाले नाहीत. आमदार, महापौर, राज्यपाल अशा पदांसाठी पक्षाचा पाठिंबा कुणाला, हे ठरवणारे डेलिगेट आजही त्याच बैठकांतून निवडले जातात. त्याचं काय होतं हे 2025 साली मिनियापोलिस शहरात दिसलं.

19 जुलैला शहर डीएफएलचं अधिवेशन बास्केटबॉलच्या मोठ्या स्टेडियममध्ये भरलं. महापौर जेकब फ्रे विरुद्ध राज्य सिनेटर ओमर फतेह अशी मुख्य लढत. पहिली फेरी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाली आणि मोजणीवर शंका आली. दिवस संपत आला, सभागृह सोडायची वेळ झाली आणि शेवटचा निर्णय डेलिगेटांनी बिल्ले उंचावून घेतला. फतेह यांना पाठिंबा जाहीर झाला. ऑगस्टमध्ये राज्य पक्षाच्या समितीनं चौकशी केली. पहिल्या फेरीत 176 मतं मोजलीच गेली नव्हती आणि त्यामुळं आणखी एक उमेदवार चुकीनं बाद ठरला होता. पाठिंबा रद्द झाला. फतेह यांच्या बाजूचे चिडले, फ्रे यांच्या बाजूचे 'आम्ही सांगत होतो' म्हणाले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत पसंतीक्रमाच्या मोजणीनंतर फ्रे निवडून आले.

दोन्ही बाजूंचे लोक मला भेटले. कुणाचं बरोबर यात मी पडत नाही. पण हरलेल्याला 'मी मोजणीत हरलो' असं वाटलं तर तो उद्या प्रचाराला येतो. 'मला खोलीतून बाहेर काढलं' असं वाटलं तर तो येत नाही. आणि खोलीचा निर्णय म्हणजे लोकांचा निर्णय असंही नाही. 2018 साली राज्यपालपदासाठी डीएफएल अधिवेशनानं एरिन मर्फी यांना पाठिंबा दिला होता. दोन महिन्यांनी झालेल्या प्रायमरीत मतदारांनी टिम वॉल्झ यांना निवडलं.

आपल्या बैठकीला कोण असतं?

हे सगळं बेळगावच्या वाचकाला कशाला सांगायचं? कारण आपलंही दुखणं याच जातीचं आहे.

माझे बाबा समितीचे साधे कार्यकर्ते. लहानपणी त्यांच्याबरोबर देवळाच्या सभामंडपातल्या बैठकांना जायचो. घोंगड्या अंथरलेल्या, पंच पुढं, तरुण पोरं खांबाला टेकून, बायका बाहेर पायऱ्यांवर. अर्ज मागवायचे, इच्छुकांचं ऐकून घ्यायचं, मग पंच आत जायचे आणि नाव घेऊन बाहेर यायचे. शब्द पाळला जायचा, कारण शब्द देणारा समोर बसलेला असायचा. ही त्या बैठकीची ताकद होती, ती मी नाकारत नाही.

पण पुढं शब्द सुटायला लागला. 2018 च्या विधानसभेला खानापुरात समितीचेच दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले. दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या काँग्रेस उमेदवारापेक्षा जास्त होती, आणि दोघेही पडले. 2021 च्या महापालिका निवडणुकीत कित्येक वॉर्डांत मराठी उमेदवारच एकमेकांसमोर होते. 58 पैकी समितीच्या हाताला 2 जागा लागल्या. 2023 ला एकी झाली, बेळगाव दक्षिणमध्ये समितीचा उमेदवार साधारण 12 हजार मतांनी मागं राहिला, पण जागा कुठंच आली नाही. म्हणजे नुसत्या एकीनं सगळं साधतं असंही नाही, हे मान्य करायला हवं. पैसा, पक्षांची यंत्रणा, तरुणांचं बदललेलं मन, ही कारणं आहेतच. तरीही बंडखोरी दर वेळी एकाच वाक्यानं सुरू होते : "मला डावललं, ठरवणारे कोण?"

मग विचारूया की, बैठकीला असतं कोण? उद्यमबागमध्ये दुसऱ्या पाळीत काम करणारा पोरगा नसतो. पहाटे भाजी घेऊन बाजार गाठणारी बाई रात्री नऊच्या बैठकीला नसते. पुण्याला, कोल्हापूरला नोकरीसाठी गेलेला, पण मतदानाला गाडी करून येणारा तरुण नसतो. घरातून 'तू कशाला जातेस' म्हणून थांबवलेली सून नसते. मत मात्र यांचंच लागतं. माझ्या बायकोनं त्या रात्री विचारलेला प्रश्न इथंही तसाच उभा राहतो.

बैठक राहू दे, पेटी वेगळी करा

मिनेसोटानं एक चूक सुधारली आणि एक शिल्लक ठेवली. चर्चा एका संध्याकाळी आणि मतदान दिवसभर, अशी फारकत केली तिथं माणसं तिपटीनं आली. जिथं दोन्ही एकाच खोलीत, एकाच घाईत राहिलं, तिथं 176 मतं हरवली.

आपल्याला सरकारी प्रायमरी मिळणार नाही, आणि तिची गरजही नाही. गावानं ठरवलं तर चार गोष्टी करता येतात. बैठक घ्या, इच्छुकांना सगळ्यांसमोर बोलू द्या, प्रश्न विचारू द्या. पण कौल त्याच रात्री घेऊ नका. येत्या रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेटी ठेवा, मतदार यादीत नाव असलेल्या मराठी माणसाला, बाईला, चिठ्ठी टाकू द्या. मोजणी दोनदा, सगळ्या इच्छुकांची माणसं समोर बसवून. आणि पेटी उघडायच्या आधी, नंतर नव्हे, प्रत्येक इच्छुकानं लिहून द्यायचं की निकाल मान्य, हरलो तरी प्रचाराला येणार.

यात पंचांचा मान जातो असं काहींना वाटेल. मला उलट वाटतं. पंच तेव्हाच अडचणीत येतात जेव्हा बंद दाराआडचं नाव त्यांना बाहेर येऊन सांगावं लागतं. आकडा सांगायला कुणाची भीती?

2016 च्या त्या रात्रीची एक गोष्ट सांगायची राहिली. मतं टाकून झाली आणि साडेआठपर्यंत वर्ग रिकामा झाला. ठराव आणि डेलिगेट निवडायला आम्ही नऊ जण उरलो. जागा दहा होत्या. अध्यक्षीण बाईंनी विचारलं, "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. अशा रीतीनं नागरिकत्वाच्या दुसऱ्याच वर्षी मी डेलिगेट झालो, एकही मत न मिळवता. फोनवर आतेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे बिनविरोध! मग तुमच्यात आणि आमच्यात फरक काय?"

फरक एवढाच, की त्यांनी निदान खोलीबाहेरची माणसं मोजून बघितली. आपण ती अजून मोजलेली नाहीत.