स्वस्त नेटचं कौतुक पुरे

'भारतात नेट सगळ्यात स्वस्त' हे ऐकून कान किटले. बियाण्याच्या पिशवीवर आपण नुसता भाव बघतो का? उगवणशक्तीही बघतो ना!

ब्रॉडबँडचा किमान वेग आपल्याकडे 2023 मध्ये ठरला 2 एमबीपीएस. अमेरिकेत 2024 मध्ये ठरला 100.

इंग्लंडात लँकाशायरच्या गावकऱ्यांनी 2011 साली गावाची संस्था काढली, चर खोदून शेतातून फायबर नेली. तेव्हा महिना 30 पौंडांत 1000 एमबीपीएस मिळायचे. एका एमबीपीएसला पडले साधारण 3 रुपये. आपल्याकडे 399 ला 30 एमबीपीएसचा प्लॅन. एमबीपीएसला 13 रुपये, वर जीएसटी! मग स्वस्त कोण?

ग्रामसभेत विचारा: भारतनेटची फायबर पंचायतीपर्यंत, मग घरापर्यंत कधी? आणि वेग किती, तेही लेखी द्या.