पाणी कुणाच्या नावावर?



या तिमाहीचा अंक पाण्यावर काढायचं ठरलं तेव्हा गटातल्या एकीनं विचारलं, "पुन्हा पाणी? त्यावर आपण कमी लिहिलंय का?" तिचं म्हणणं खोटं नाही. हंडामोर्चे आपल्या चळवळीला नवे नाहीत. गोरेगावच्या बायकांना बरोबर घेऊन मृणालताई गोरे पाण्यासाठी लढल्या आणि लोकांनीच त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिलं. पण मुंबईच्या नळाला येणारं पाणी ज्या भागातून जातं, तिथल्या बायकांबद्दल आपण फारसं बोललो नाही. मी गेली काही वर्षं त्याच भागात, अंबाडीला राहून काम करते. म्हणून हे संपादकीय माझ्याकडे आलं.

अंबाडी हे भिवंडी-वाडा रस्त्यावरचं नाक्याचं गाव. इथून एक रस्ता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे फुटतो. वज्रेश्वरीला तानसा नदी लागते. याच नदीवर वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात, इंग्रजांनी बांधलेलं धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे. त्यानंतर मोडकसागर झालं, अप्पर वैतरणा झालं, भातसा झालं आणि २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबईच्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार हे दोन लहान तलाव तेवढे शहरात आहेत. बाकी सगळं पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतलं. रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून जास्त पाणी तिकडे जातं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसातून. पावसाळ्यात तानसा भरत आलं की त्याच्या ३८ दरवाजांची बातमी येते आणि शहापूर, भिवंडी, वसई तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना सावध राहायला सांगतात. कित्येक गावांचा धरणाशी येणारा संबंध एवढाच. एप्रिल-मे महिन्यांत त्याच परिसरातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं.

शहराला पाणी देऊ नका, असं मी म्हणत नाही. मुंबईच्या झोपडपट्टीतली बाईसुद्धा रात्री दोनला उठून पाणी भरते, ती आपलीच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. पाण्याचा निर्णय होतो तेव्हा कागदावर कुणाकुणाची नावं असतात?

२००३ च्या राज्य जलनीतीनं पाणीवाटपात उद्योगाला शेतीच्या आधी बसवलं. २०११ मध्ये तो क्रम बदलून शेती पुन्हा दुसरी आली. यावर पुष्कळ चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. पिण्याचं पाणी मात्र दोन्ही वेळा पहिल्या क्रमांकावर होतं, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. तरीही २०२१ साली भिवंडी तालुक्यातल्या कांबे गावच्या रहिवाशांना पिण्याच्या पाण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. महिन्यातून दोनदा, दोन-दोन तास पाणी येतं, अशी त्यांची तक्रार होती. ठाणे जिल्हा परिषद आणि भिवंडी महानगरपालिका भागीदार असलेल्या पाणीपुरवठा कंपनीविरुद्ध हा अर्ज होता. स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीत लोकांना पाण्यासाठी कोर्टाचं दार ठोठवावं लागतं, याबद्दल न्यायालयानं खेद व्यक्त केला आणि नियमित पाणी मिळणं हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. आनंद वाटला. पण पहिला क्रमांक कागदावर असूनही गावाला वकील करावा लागतो, हेही त्यातून कळलं.

शेतीच्या पाण्याचं पाहू. २००५ साली दोन कायदे आले. एकानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झालं, दुसऱ्यानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे दिलं. संचालक मंडळात बाईसाठी जागा राखीव आहे. ऐकायला छान. पण संस्थेचा सभासद व्हायचं तर लाभक्षेत्रात जमीन लागते, म्हणजे सातबारावर नाव लागतं. आणि बाईचं नाव सातबारावर कुठे असतं? १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क देणारी दुरुस्ती केली, २००५ मध्ये देशभर ती आली. भाऊ नाराज होईल म्हणून हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहेत. शिवाय आमच्याकडच्या वारली, कातकरी, ठाकूर बायकांना हा कायदा लागूच होत नाही, कारण हिंदू वारसा कायद्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. भात लावणी तिची, पाणी वळवायला रात्री बांधावर तीही जाते आणि सभासद यादीत नाव त्याचं.

जल जीवन मिशन आल्यावर मला थोडी आशा वाटली होती. माणशी रोज ५५ लिटर पाणी घराच्या नळाला आणि गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका, अशी ही योजना. गावातल्या पाच बायकांना किटवर पाणी तपासायचं प्रशिक्षणही द्यायचं होतं. आमच्या बैठकीत समितीवरच्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, सही माझी घेतात, चावी व्हॉल्व्हमनकडे आणि व्हॉल्व्हमन कुणाचा ते तुम्हाला ठाऊक." नळ बसलेत, पाणी वाईट की चांगलं हे बायका सांगू शकतात. ते कधी सोडायचं आणि आधी कुठल्या आळीला, हे त्यांना कुणी विचारत नाही. (किटचं काम बिनमोबदला चालतं, हे जाता जाता.)

आणि डेंगणमाळ. शहापूर तालुक्यातल्या या गावाची बातमी २०१५ साली जगभर गेली. पाणी भरायला दुसरी, तिसरी बायको केली जाते, अशी ती बातमी. 'पाणी-बायका' हा शब्द चवीनं वापरला गेला, फोटो छापले गेले, आदिवासींची चमत्कारिक रूढ म्हणून सगळे हळहळले. अशा लग्नात उभ्या राहणाऱ्या बायका बहुतेक विधवा किंवा टाकलेल्या होत्या, हे त्या बातम्यांतच होतं, पण पुढे कुणी गेलं नाही. जिला सासरी जमीन नाही, माहेरी आधार नाही, तिला डोक्यावर छप्पर हवं तर त्याची किंमत रोजचे हंडे. आपल्या परित्यक्ता परिषदांमधून आपण पोटगी, रेशनकार्ड, घर यांवर बोललो. एकट्या बाईच्या पाण्याचा हक्क त्या मागणीपत्रांत जोडायला हवा.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणालं तर दोन गोष्टी सांगा. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणीपंचायत उभी केली तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला आणि भूमिहीनांनाही तो दिला. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. दुसरी, २००६ चा वनहक्क कायदा. त्याखालचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. म्हणजे शासनाला मनात आणलं की जमते ही गोष्ट. मग पाणीवापर संस्थेच्या यादीत दोन नावं का नकोत? भूमिहीन बाई परसात भाजी लावायला पाणी मागू लागली तर तिला संस्थेचं दार का बंद?

हे आत्ताच लिहायचं कारण गारगाई. वाडा तालुक्यात ओगदे इथे मुंबईसाठी आणखी एक धरण बांधायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं फायलीत होता, तो पुन्हा पुढे सरकला आहे. त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी शहराला मिळणार, असं महापालिका सांगते. गावं उठणार, तानसा अभयारण्यातलं जंगल जाणार. धरण हवं की नको, यावर आमच्या भागातल्या संघटनांची मतं एक नाहीत आणि शहरानं आधी आपली गळती थांबवावी, असं माझं मत आहे. पण गावांत कुटुंबांच्या याद्या होतील त्या दिवशी मतभेद मिटेपर्यंत थांबता येणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या स्त्रीला स्वतंत्र कुटुंब धरलं आहे. सर्वेक्षणाला येणारा माणूस हे आपणहून सांगणार नाही. तो दारात उभा राहून "घरमालक कोण?" एवढंच विचारील आणि दिराचं नाव लिहून पुढच्या घरी जाईल. वाडा, शहापूर, मोखाड्याच्या गटांनी आपापल्या पाड्यांवरच्या एकट्या बायकांची नोंद आधीच करून ग्रामसभेच्या ठरावात घालावी. ठरावाची प्रत तहसीलदारांकडे देऊन पोच घ्यावी. पोच जपून ठेवावी, ती पुढे लागते.

बाकी जिल्ह्यांतल्या मैत्रिणींकडे एक काम आहे. तुमच्या भागात पाणीवापर संस्था असेल तर तिची सभासद यादी मागून घ्या. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. गावाचं नाव, एकूण सभासद किती, त्यात बायका किती, आणि संचालक मंडळावरची बाई बैठकीला येते की तिचा नवरा, एवढं पोस्टकार्डावर लिहिलंत तरी चालेल. आलेल्या सगळ्या याद्या पुढच्या अंकात गाववार छापू.