विज्ञानवार्ता : अक्षरांचा ताठा

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला ग्रंथ, ही उपमा आतां शालेय पुस्तकांतूनही आली आहे. उपमा उत्तम खरी. परंतु तिच्यामुळें एका गोष्टीकडे आपलें दुर्लक्ष होतें. ग्रंथांतील अक्षर केवळ वाचावयाचें असतें. डीएनएच्या अक्षरांस प्रसंगीं वांकावेंही लागतें.

हा दुपदरी रज्जु वाटतो तितका मऊ नाहीं. सुमारें 150 अक्षरजोड्यांच्या लांबीपर्यंत तो बराचसा ताठच राहतो. तरीही पेशींतील कित्येक प्रथिनें त्यास वांकवून किंवा पिळूनच धरतात. बुरूड ज्याप्रमाणें बांबूची कांब कोठें लवेल हें हातानें अजमावितो, त्याप्रमाणें हीं प्रथिनें अक्षरांच्या आकाराबरोबर त्यांचा ताठाही पारखितात.

याचा सुरेख पुरावा 1987 सालीं मिळाला. जंतूंस ग्रासणाऱ्या 434 नांवाच्या विषाणूचें एक प्रथिन डीएनएच्या 14 अक्षरजोड्यांवर बसतें. पैकीं अगदीं मधल्या जोड्यांस तें स्पर्शही करीत नाहीं. असें असूनही, त्या अस्पर्शित जोड्या ए-टीच्या असतां पकड घट्ट व जी-सीच्या असतां ढिली होते, असें कूडेल्का, हॅरिसन व टाश्नी या त्रयीस आढळलें. मधला भाग पिळून घेण्यास किती राजी आहे, यावर सारें अवलंबून!

दुसरें उदाहरण आपल्याच पेशींतील. अनेक जनुकांच्या आधीं टी-ए-टी-ए अशीं अक्षरें येतात. त्यांस टाटा पेटी म्हणतात. मुंबईच्या सुप्रसिद्ध घराण्याशीं तिचा कांहींएक संबंध नाहीं! टीमागून ए आलें कीं तेथील सांधा सैल असतो. त्या पेटीवर बसणारें प्रथिन रज्जूस सुमारें 80 अंशांनीं वांकवितें, हें 1993 सालीं येल व रॉकफेलर विद्यापीठांतील संशोधकांनीं, किण्व व वनस्पति यांच्या प्रथिनांवरून, दाखविलें. जनुकाच्या वाचनाचा हा श्रीगणेशा होय.

हा विषय केवळ प्रयोगशाळेंतला नव्हे. हीमोग्लोबिनाच्या बीटा जनुकाआधींच्या या पेटींतील एखादें अक्षर बदललें, तर प्रथिनाची पकड ढिली पडून जनुकाचें काम मंदावतें व थॅलसीमियाचा एक प्रकार उद्भवतो. प्रत्यक्ष जनुकाचा मजकूर मात्र शुद्धच असतो! थॅलसीमियाचे वाहक स्वतः बहुधा धडधाकट दिसतात; परंतु पति-पत्नी दोघेंही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. तरी विवाह जुळवितांना पत्रिकेबरोबर रक्तही तपासून घ्यावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.